आंबेमोहराच्या वासाचा चोर

माझ्या सासूबाई मालवणाकडून बोटीने मुंबईला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि एका टोपलीत पाच कोंबड्या व एक कोंबडा होता. आम्ही नुकतेच गिरगावची खोली सोडून बोरीवलीला राहायला गेलो होतो. दोन खोल्यांचं बैठं घर, मागे आवार, आवारापुढे गवत आणि गवतापलीकडे डोंगर. गिरगावातले लोक आम्हांला जंगलात गेलेले समजत आणि ते फारसं चूकही नव्हतं.

सासूबाईंनी आल्या दिवशी कोंबड्यांसाठी खुराडं उभं केलं. ट्रंक मात्र खाटेखाली सरकवली ती तशीच. लुगडं हवं असलं की झाकण उघडायचं, एक काढायचं, पुन्हा कडी लावायची. मी भिंतीतलं फडताळ रिकामं करून दिलं, तर त्यात त्यांनी तपकिरीची डबी तेवढी ठेवली. मला त्याचा राग यायचा. राग मला तसा कशाचाही यायचा, पण या रागाच्या तळाशी भीती होती. श्रावणात मी बाळंत होणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि माझ्या माहेरी आई नव्हती. या बाई गेल्या तर माझ्याजवळ कोण, हा विचार मला दिवसातून दहा वेळा छळायचा, आणि तो मी त्यांना एकदाही बोलून दाखवला नव्हता.

चैत्रात कोंबड्या जायला लागल्या. सकाळी खुराड्याची एक फळी सरकलेली, चार पिसं आणि थोडं रक्त, एवढंच. तीन गेल्या तेव्हा सासूबाईंनी जेवण टाकलं. उरलेल्या दोघींतली एक खुडूक झाली होती. तिला अकरा अंड्यांवर बसवून त्या आम्हा नवराबायकोला म्हणाल्या, "ही अकरा अंडी हत. ह्येंची पिल्लां जगली तर रवतलंय. नायतर बोटी बंद होवच्या आधी गावाक जातलंय."

पावसाळ्यात बोटी बंद होत. शेवटची बोट मे महिन्याच्या अखेरीला. अंडी फुटायला तीन आठवडे. मी बोटांवर हिशेब केला.

"तिला घरातच आणून ठेवू ना," मी म्हटलं.

"हलवलंस तर अंडी सोडून उठात ती," सासूबाई म्हणाल्या. त्यामुळे कोंबडी खुराड्यातच राहिली.

नवऱ्याने निकाल दिला की हे काम मांजराचं. त्याने चहाचं रिकामं खोकं आणलं, आत सुकट ठेवली आणि झाकण पडेल असं टेकू लावून ठेवलं. सकाळी आत शेजारणीची मांजरी सापडली. दुसऱ्या दिवशीही तीच. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून येऊन खोक्यापाशी बसली. शेजारीण आमच्याशी बोलेनाशी झाली.

आणि मग चौथी कोंबडी गेली. मी तांबडं फुटताना आवारात गेले, मोडलेली फळी पाहिली, आणि तिथेच मला वास आला. गरमागरम आंबेमोहर भाताचा. अगदी वाफ निघालेल्या भाताचा. हा वास मला आधीही दोनतीनदा आला होता, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. रेशनचे दिवस होते ते. सगळ्यांच्या घरी तोच खडेवाला लाल तांदूळ. मग आंबेमोहर शिजतोय कोणाकडे? आणि तोही नेमका आमची कोंबडी गेली की दुसऱ्या सकाळी? भाताबरोबर काय शिजत असेल ते मला न सांगता कळलं.

मी कुंपणाशी उभी राहून शेजारणीला हाक मारली आणि माझ्या तोंडाला येईल ते बोलले. काळ्या बाजारातला तांदूळ काढला, मांजरीचा सूड उगवतेस म्हणाले. ती आत गेली, तांदळाचं ताट घेऊन आली आणि कुंपणावरून माझ्या नाकाशी धरलं. अर्धे तांदूळ, अर्धे खडे.

"घे, हुंग. येतो का आंबेमोहराचा वास? चूल अजून पेटवली नाहीये मी. ये आत, राखेत हात घालून बघ."

मी हुंगलं. गोणपाटाचा वास होता. मी मान खाली घालून परत आले आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या चिमटीतली तपकीर तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाताचो वास? खुराड्याकडे? आणि माका आज सांगतंस?"

"मला काय माहीत तुम्हांला येत नाही ते!"

"तपकिरीन नाकाची वाट लावल्यान माज्या. चेडवा, तो भात नाय. तो कांडेचोर!"

कांडेचोर म्हणजे उदमांजर. त्याच्या अंगाला भातासारखा वास येतो, आणि कोंबडीपेक्षाही त्याला पिकलेलं फळ प्यारं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त वास घेणारं नाक त्यांच्याकडे उरलं नव्हतं, आणि माझ्या नाकाला अक्कल नव्हती. आम्ही दोघी एकदम हसायला लागलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आता आमिषाला फणसाचे गरे हवे होते, आणि पिकलेला फणस त्या आळीत एकाच घरी होता. सकाळी जिला चोर म्हटलं तिच्या दारात मी दुपारी वाटी घेऊन उभी राहिले. तिने मला पुरेसं ताटकळत ठेवलं. मग वाटी भरली आणि म्हणाली, "चल, मी पण बघते तुझा आंबेमोहर."

या खेपेला सापळा सासूबाईंनी लावला. गरा सुतळीला बांधला, सुतळी झाकणाच्या टेकूला. गरा ओढला की झाकण खाली. तीन दिवस काही नाही. चौथ्या सकाळी झाकण पडलेलं होतं, वर वजनाला ठेवलेला पाटा हलत होता आणि सगळ्या आवारात भाताचा वास सुटला होता. फटीतून मी दोन डोळे पाहिले, रागीट आणि घाबरलेले. मला ते ओळखीचे वाटले.

नवरा काठी घेऊन आला. सासूबाई आडव्या आल्या.

"घरात पोटुशी बाय हा. जीव मारूचो नाय."

मग शेजारणीच्या नवऱ्याने खोकं सायकलला बांधलं, आणि सासूबाई त्याच्यामागून डोंगराकडे चालत निघाल्या. आल्यापासून त्या आवाराबाहेर पडल्या नव्हत्या. दुपारी परतल्या तेव्हा चेहरा उन्हाने लाल आणि ओचा करवंदांनी भरलेला.

"हयसर पण करवंदा गावतत गो," त्या म्हणाल्या. आश्चर्य करवंदांचं होतं की बोरीवलीचं, कळेना.

अकरातली नऊ पिल्लं निघाली. त्या राहणार की जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटची बोट सुटायच्या दिवशी सकाळी ट्रंकेची कडी वाजली. मी स्वयंपाकघरातून धावत गेले, तर सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. ट्रंक तळापर्यंत रिकामी होती, आणि त्या आपली मऊ झालेली लुगडी एकेक करून टराटरा फाडत होत्या.

"बघत काय रवलंस?" त्या म्हणाल्या. "सुई-दोरो हाड. बाळाक दुपटी नको?"