साखर सत्तरच्या खाली असेल तर

मंगळवारी सकाळी संगणकाच्या वर्गात शैलाकाकूंनी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालवला, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. काकांना मधुमेह, म्हणून काकूंनी सरावाला हाच विषय घेतला होता. रक्तातली साखर सत्तरच्या खाली असेल तर ‘साखर द्या’, नाहीतर ‘काही नको’. काका गेल्या महिन्यात साखर एकदम उतरून वारले. त्यानंतर काकू आज पहिल्यांदाच वर्गात आल्या होत्या.

“अट बरोबर आहे काकू,” सर म्हणाले, “पण फंक्शन, म्हणजे नाव दिलेला सूचनांचा गट, नुसतं लिहून भागत नाही, त्याला हाक मारावी लागते. नाव लिहा, कंसात साखरेचा आकडा द्या.”

“कोणाचा देऊ?”

“कोणाचाही. सरावच तर आहे.”

हाक येईपर्यंत फंक्शन जागच्या जागी बसून राहते. घरातही बरीच तयारी अशी बसून असते. कपाटावरची भरलेली बॅग, फोनमधला डॉक्टरांचा नंबर.

काकूंनी कुठेही न बघता अठ्ठावन्न लिहिले. पडद्यावर ओळ आली, ‘साखर द्या’.

“चाललं की!” सर म्हणाले.

काकूंनी पर्समधून रुमाल काढला. त्याबरोबर साखरेची पुडी बाहेर आली. ती त्यांनी परत आत ठेवली.