पंखाला लावलेला गाल

कारखान्यात त्यांना सगळे हातवाले म्हणायचे. श्रीमंतांची खासगी जेट विमानं तिथे बनत. रंग वाळला की पंखाच्या पुढच्या कडेवरून हातवाले डोळे मिटून तळहात फिरवत, आणि जिथे रंगाचा केसाएवढा उंचवटा असेल तिथे त्यांचा हात थांबे. उंचवटा राहिला की वारा अडखळतो आणि वेग जातो. वेगाचंच तर सगळं भांडण! धावपट्टीच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचा कारखाना होता, आणि सगळ्यात वेगवान खासगी जेट कुणाचं यावरून दोघांची वर्षानुवर्षं चढाओढ. एकाने विक्रम केला की वर्षभरात दुसरा तो नाकावर टिच्चून मोडणार. दहा मिनिटं लवकर पोचून ही बडी मंडळी असे काय दिवे लावतात, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

हातवाल्यांना त्या विक्रमांचं सोयरसुतक नव्हतं. सकाळी उठून जायला एक जागा होती, तेवढं त्यांना पुरे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूर देशी, रविवारी फोन करायची, "जेवलात ना, बाबा?" विचारायची आणि तिकडून कुणी हाक मारली की ठेवायची. घरात दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर आता इस्त्रीचे कपडे असत.

पण एक गोष्ट त्यांनी सगळ्यांपासून लपवली होती. तीस वर्षं घासायचं यंत्र धरून धरून त्यांची बोटं बधिर झाली होती. गरम कपाने बोट भाजलं, तेही त्यांना फोड आल्यावर कळलं. हात गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की दिवसभर ते घर. मग त्यांनी एक युक्ती काढली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की ते दिवसातली दुसरी दाढी करायचे, आणि पंखाला गाल लावून इंचाइंचाने पुढे सरकायचे. गालाला सगळं कळायचं. "हात नका लावू, नुसता पॉलिश पेपर आहे," असं म्हणून बायको त्यांच्या गालाला गाल लावायची. ती गेल्यापासून त्या गालाला दुसरं काही लागलं असेल, तर हा गार पंख. खरं सांगायला लाज कसली, त्यांना ते आवडायचं.

यंदा पलीकडच्यांनी विक्रम मोडला आणि मालक इरेला पेटले. नवं विमान शनिवारी उडणार होतं. शुक्रवारी सकाळी मालक पाहुण्यांना घेऊन आले, आमच्याकडे यंत्रापेक्षा तरबेज हात आहे म्हणाले, आणि हातवाल्यांना पंखापाशी उभं केलं. आता एवढ्या लोकांत गाल कसा लावणार? त्यांनी डोळे मिटून हात टोकापर्यंत फिरवला आणि मान डोलावली. टाळ्या पडल्या. इंजिनिअर बाईंनी तिथल्या तिथे तपासणीच्या कागदावर त्यांची सही घेतली.

दुपारी दाढी करून त्यांनी गाल लावला. टोकाच्या हातभर अलीकडे बारीकशी धार लागली. पुन्हा लावला, पुन्हा लागली. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. विमान काही पडणार नव्हतं. जरा मागे राहिलं असतं आणि खापर इंजिनवाल्यांच्या डोक्यावर फुटलं असतं. सुट्टी संपेपर्यंत हातवाले तिथेच स्टुलावर बसून राहिले. मग उठले आणि इंजिनिअर बाईंना बोलावून आणलं.

त्यांच्या मुलीच्या वयाच्या त्या बाईंनी हात फिरवून पाहिला. त्यांना काहीच लागलं नाही.

"काका, सकाळी तुम्हीच तर साफ आहे म्हणालात."

"सकाळी खोटं बोललो. मला हाताने कळत नाही, वर्ष झालं. इथे गाल लावा."

बाईंनी केस मागे घेतले आणि गाल लावला. तो हळूच पुढे सरकवला आणि धारेवर येताच त्या थांबल्या.

"मला हे लिहावं लागेल, काका."

"लिहा," हातवाले म्हणाले.

संध्याकाळपर्यंत धार घासून झाली. शनिवारी विमान उडालं, विक्रम परत आला, हिशेबनिसापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे नाचले. मालक तसे वाईट नव्हते. त्यांनी हातवाल्यांना भरपगारी घरी बसवलं आणि आता मस्त आराम करा म्हणाले. आपण एवढी मोठी शिक्षा दिली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सोमवारी दुपारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, हातवाले सवयीने खुर्चीतून उठले. आरशासमोर उभे राहून त्यांनी नीट, सावकाश दुसरी दाढी केली, तोंड धुतलं, पुसलं. गाल अगदी गुळगुळीत झाले होते. मग बाहेर येऊन त्यांनी घरभर पाहिलं. ते गाल कशाला लावावेत, असं तिथे काहीच नव्हतं.