लंगडी फटफटी

सकाळी पूजा आटोपून बाहेर आलो, तर माझी बायको मंगल फोन कानाला लावून ओट्याशी उभी होती. मला बघून तिनं तो पुढे केला. पलीकडून कुणी बोलत असल्याचं मलाही ऐकू येत होतं. मी फोन हातात घेतला. लातूरहून सुनंदा वहिनी होत्या, माझ्या मेहुण्याची बायको. त्या घरात मला लहानथोर सगळे दाजीच म्हणतात. "दाजी, म्या चहा घेऊन शेडमधी गेले होते. हाक मारली, तर ओ न्हाई... जाऊन बगितलं तर तसेच बसलेले." काशिनाथ गेला होता. आम्ही त्याला अप्पा म्हणायचो, मंगल दादा म्हणायची. तिच्याहून थोडा मोठा, तिचा एकुलता एक भाऊ.

नांदेडहून गाडी करून निघालो. लोह्यापर्यंत मंगल खिडकीबाहेर बघत राहिली. डोळ्यांत पाणी नाही. लोहा मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "फटफटी जोडून झाली असंल का हो त्याची?" मला वाटलं, धक्क्यानं डोकं चालेना हिचं. मग पुढचं बोलली, "कुठल्या दातावर बसवली असंल?" तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ती काय विचारतेय ते मला नीट कळलं होतं.

वाचकांना मात्र हे समजायला थोडं मागं जावं लागेल. माझे सासरे लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचा धंदा करायचे आणि तूर-हरभऱ्याच्या खरेदीला गावोगाव फिरायचे ते एका जुन्या विलायती फटफटीवर. एका सिलिंडरची, बैलासारखी जड. एकदा किल्लारीच्या बाजूला ती बंद पडली, तेव्हा तिथल्याच कुणा मिस्त्रीनं इंजिन खोललं, घाईत जोडलं आणि कॅम एक दात चुकवून बसवला. कॅम म्हणजे इंजिनानं श्वास कधी घ्यायचा अन् कधी सोडायचा, हे ठरवणारा भाग. झडपा उघडतात-मिटतात त्या त्याच्याच हुकमानं. कॅमच्या गिअरवर कारखान्यातूनच एक ठिपका मारलेला असतो आणि खालच्या छोट्या गिअरवर दुसरा. जोडताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा, एवढंच. एक दात इकडेतिकडे झाला की इंजिन चालतं, पण प्रत्येक श्वास उशिरा घेतं. तेव्हापासून ती फटफटी लंगडायला लागली. ढग... ढगढग... ढग. सासऱ्यांना लोक सांगायचे, पुन्हा खोलून घ्या म्हणून. ते म्हणायचे, "चालतीये का न्हाई? मग राहू द्या." आणि पोरांना तर तो आवाज म्हणजेच बाबा. कोपऱ्यावर लंगडा आवाज आला की मंगल पुस्तक उघडून बसायची आणि अप्पा भिंतीवरून उडी टाकून घरात यायचा.

अप्पाला नकलांचा नाद होता. सासऱ्यांचा खोकला तर तो असा काढायचा की सासूबाईसुद्धा पदर सावरून उभ्या राहायच्या. दोन आखूड आणि एक लांबलचक. मंगल मैत्रिणींबरोबर गप्पा मारत बसली की हा दाराआडून खोकायचा, आणि सगळ्या पोरी पसार. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा न्हाणीघराबाहेर तोच खोकला काढून त्यानं मला अर्ध्या अंघोळीत बाहेर काढलं होतं. सासरे त्या दिवशी उदगीरला होते. मेहुण्या-दाजीचं नातंच थट्टेचं, पण हा माणूस थट्टेतही कामासारखी मेहनत घ्यायचा.

सासरे गेले आणि फटफटी पोत्यांच्या मागं पडून राहिली. अप्पानं आडत बंद करून पंप आणि मोटारींच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. जरा बस्तान बसल्यावर त्यानं ती शेडमध्ये ओढून आणली आणि खोलली. मी सुटीला गेलो की बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. "दाजी, उजेड गिअरवर, माझ्या टकलावर न्हाई." पिस्टन, बेअरिंग, झडपा, सगळं नवं घातलं. कॅम बसवायची वेळ आली, तेव्हा त्यानं ठिपक्याला ठिपका भिडवला, पुस्तकात लिहिल्यासारखा. झाकण लावलं, किक मारली, आणि पहिल्याच किकेला फटफटी सुरू. काय आवाज होता. एकसारखा, गोल, दमदार. अप्पा कौतुकाच्या आशेनं घराकडे बघत होता. मंगल दारात आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "कुणाची गाडी आणलीस रे?"

बस्स. एवढंच बोलली आणि आत गेली. अप्पानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "दाजी, धरा बॅटरी." पुन्हा झाकण काढलं, कॅम उचलला आणि समजून-उमजून एक दात मागं बसवला. मी म्हणालो, "अरे, येडा का काय? चांगली चालून राहिली होती ना." तर म्हणतो, "चांगली गाडी बाजारात मिळती, दाजी. ही बाबाची हाय." त्यानंतर किका मारून मारून त्याचा सदरा भिजला, तेव्हा कुठं ती जागी झाली. ढग... ढगढग... ढग. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मंगल धावत बाहेर आली आणि पायरीवर बसून ढसाढसा रडली. असं माहेर कुणाला मिळतं?

पुढं किती वर्षं ती फटफटी तशीच लंगडत चालली. नागपंचमीला बहिणीला न्यायला म्हणून अप्पा तिच्यावर बसून अहमदपूर, लोहा करत नांदेडला यायचा. विष्णुपुरीच्या रस्त्यावरून आवाज वळला की मंगल आधी चहाचं आधण ठेवायची आणि मग फाटक उघडायला जायची. मी म्हणायचो, "माझ्या गाडीचा आवाज कधी ओळखलास का गं?" ती म्हणायची, "तुमच्या गाडीला आवाज हाय का?"

गेल्या खंडेनवमीला आम्ही लातूरला होतो. शेडमध्ये पाने, हातोड्या, पंपाचे पंखे पाटावर मांडलेले, वहिनींनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फटफटीच्या टाकीलाही लावलं. इंजिन खोललेलं होतं. अप्पा म्हणाला, "मंगे, ह्या वेळेला बरोबर दातावर बसवतो. गुडघा बोलायला लागला. किका मारून छातीत भरून येतं." त्याचं वय झालं होतं, म्हणणं रास्त होतं. पण मंगलचं तोंड उतरलं. जेवताना पानावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "बसव. बाबाला दुसऱ्यांदा माती देऊन राहिलास, दे." अप्पानं पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच धरून राहिला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. भाऊबीजेला गेली नाही, कंबर धरल्याचं निमित्त केलं. त्यानं मला फोन केला. "दाजी, तिला घेऊन या की. एक गंमत ऐकवायची हाय." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याची नवी गाडी त्यालाच लखलाभ." आणि आता आम्ही त्याच रस्त्यानं निघालो होतो, आणि तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, "बरोबर दातावर असंल तर माझं बोलणं मनाला लावून, माझ्यावर रुसून गेला तो. अन् जुन्याच दातावर असंल तर... माझ्या हट्टापायी किका मारून मारून गेला." डॉक्टर पुढं म्हणाले की किकेचा काही संबंध नाही, कधीही झालं असतं. पण हे तिला सांगून काय उपयोग? दोन्हीकडून फास तिच्याच गळ्याला होता. त्या गाडीत मला पहिल्यांदा तिच्याबद्दल भीती वाटली, ही आता यातून बाहेर येते की नाही याची.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवूनच माती देतात. कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन अप्पाला मांडी घालून बसवलं, तेव्हा मला शेडमधलं स्टूल आठवत होतं. भिंतीला टेकलेला, मांडीवर फडकं, शेजारी गार झालेला चहा, असा तो सकाळी सापडला होता. आजही डोळे मिटले की दोन्ही बसणी एकमेकांत मिसळतात. कधी तो समाधीत बसून फडक्यानं हात पुसताना दिसतो. मी कुणाला सांगत नाही, बायकोला तर मुळीच नाही.

विधी झाले, पाहुणे पांगले. मंगल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बघा उघडून." वहिनी म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीच जोडून झाली होती की. दोन दिस नुसती चालू-बंद, चालू-बंद करून राहिले होते. माझं डोकं उठलं." मी पाना घेतला. उजव्या बाजूचं झाकण सैल झालं, तेल गळून ताटलीत आलं. गिअर हळूहळू फिरवत गेलो. ठिपका वर आला, दुसरा ठिपका त्याला भेटायला आला आणि बरोबर समोर येऊन थांबला. ठिपक्याला ठिपका. मंगलला काही सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांत तीही बघून बघून शिकली होती. "न्हाई ऐकलं माझं," ती म्हणाली आणि पोत्यावर बसली.

झाकण लावून टाकावं आणि शेडला कुलूप घालावं, असं मला वाटत होतं. पण तीच म्हणाली, "चालू करा. गंमत ऐकवणार होता ना?" तेल घातलं, किक मारली. पहिल्याच किकेला. अप्पानं शिकवलं होतं त्याप्रमाणे हँडलवरची छोटी दांडी मी पुढं ढकलली. जुन्या गाड्यांना ती असते, ठिणगी लवकर पडावी की उशिरा ते तिच्यावर ठरतं. आवाज गोल झाला, एकसारखा, तोच परका आवाज. मंगल उठली आणि घराकडे निघाली. फटफटीला वळसा घालताना आधारासाठी तिनं हँडल धरलं आणि थांबली. दांडी ज्या पट्टीवर सरकते त्या पट्टीवर, मागच्या बाजूला, पूजेचा लाल दोरा गुंडाळून गाठ मारली होती.

"वहिनी, हा तुम्ही बांधला?" मंगलनं विचारलं.

"म्या न्हाई बाई. म्या टाकीला कुंकू लावलं फक्त. त्यांनीच बांधला. मला वाटलं, म्हातारपणी भक्ती सुचली."

अप्पानं आयुष्यात कशाला दोरा बांधला नव्हता. सणावारी कपाळाला भस्म लावायचं तेही वहिनी लावायच्या. मंगल दोऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं अंगठ्यानं दांडी मागं ओढली, हळूहळू, दोऱ्याला टेकेपर्यंत. इंजिन अडखळलं. मला वाटलं, बंद पडतंय. पण नाही पडलं. ढग... ढगढग... ढग.

कॅम बरोबर होता, गुडघ्याला त्रास नव्हता, आणि ठिणगी उशिरा पाडून त्यानं बाबांचं लंगडणं परत आणलं होतं. दोन दिवस चालू-बंद, चालू-बंद करून ती जागा शोधली होती त्यानं आणि मिळाल्यावर हाताशी पडलेला पूजेचा दोरा बांधून ठेवला होता. भाऊबीजेला ऐकवायला. मंगल डोकं कलतं करून ऐकत होती. अगदी तस्सा नव्हता तो आवाज. जरा जास्तच लंगडत होता, जरा हौसेनं. तिच्या ओठांचे कोपरे हलले, आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हा बाबा न्हाई," ती म्हणाली. "हा दादा हाय. बाबाची नक्कल करून राहिलाय."

मग ती जी रडली, ती वहिनींच्या गळ्यात पडून, मोठ्यानं, आणि मी फटफटी बंद करायचं विसरून तिथंच उभा राहिलो.

आता फटफटी आमच्या नांदेडच्या अंगणात आहे. वहिनींनीच न्यायला लावली. "मला तो आवाज सोसना," म्हणाल्या. रविवारी मी ती सुरू करतो, दांडी दोऱ्यापर्यंत नेतो. दोऱ्याला तेल लागून तो काळपट झालाय, पण मंगल तो सोडू देत नाही. गेल्या रविवारी असाच वाकून उभा होतो. इंजिन लंगडत होतं. आणि मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, माझ्या सासऱ्यांचा खोकला आला. दोन आखूड आणि एक लांबलचक. वळून बघितलं असतं, तर दारात मंगलच उभी दिसली असती, हे मला माहीत होतं. मी वळलो नाही.