चांभारांचं निशाण

आम्ही राहतो त्या गावातले लोक दर उन्हाळ्यात काही दिवस मध्ययुगात जातात. गाव जर्मनीत, गेर्लिंगेनपासून गाडीने तासाभरावर, तटबंदीचं, मधोमध दगडी चर्च असलेलं. मध्ययुगात जायचं म्हणजे तागाचे अंगरखे घालायचे, कमरेला दोरी बांधायची आणि लाकडी वाडग्यातून तळलेले बटाटे खायचे. त्या काळी या खंडात बटाटा आलाच नव्हता, असं कुणाला सांगायला जावं तर तो हसून "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणतो आणि आणखी एक वाडगं मागवतो. मात्र मिरवणुकीतल्या पोराच्या बुटाला चेन दिसली, की हेच लोक त्याला घरी पिटाळतात. चष्माही चालत नाही. त्यामुळे इतिहासाच्या नावाखाली निम्मी पोरं एकमेकांवर धडपडत चालतात आणि आईबाप कौतुकाने फोटो काढतात.

हा सगळा कारभार एका फेराइनकडे आहे. फेराइन म्हणजे आपल्याकडचं मंडळ, फक्त वर्गणीऐवजी नियम जास्त. त्याच्या मुख्य बाई निवृत्त लॅटिन शिक्षिका. पोरांना मिरवणुकीत घालायचं तर पालकांनी आधी त्यांच्याबरोबर चर्च बघायला जावं लागतं. मी गेले. नवरा नेहमीप्रमाणे मीटिंगमध्ये होता.

बाईंनी आम्हाला कारागिरांचे बाक दाखवले. प्रत्येक धंद्याची एक त्सुन्फ्ट, म्हणजे संघ. बेकरांची, शिंप्यांची, सोनारांची, चांभारांची. प्रत्येकाचा चर्चमध्ये ठरलेला बाक आणि बाकाच्या टोकाला धंद्याची खूण कोरलेली. सणाच्या दिवशी प्रत्येक संघ आपलं निशाण घेऊन मोठ्या दारातून आत यायचा आणि ते वेदीपाशी उभं करायचा. "एकाच छताखाली सगळे, एका कुटुंबासारखे," बाई म्हणाल्या. मग जाता जाता बुरुजाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट करून त्यांनी सांगितलं, की मेलेली जनावरं सोलणारा आणि फाशी देणारा मात्र तिथे उभे राहायचे. त्यांच्या मुलांना कुठल्याच संघात घेत नसत. बाप कोण, हे आधी विचारलं जायचं. टॉयलेट कुठे आहे ते सांगावं इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं आणि आम्हाला रंगीत काचा दाखवायला पुढे नेलं. असलं कुटुंब मला ओळखीचं होतं. मी त्यातूनच आले आहे.

मी चांभाराची मुलगी. हे इथे लिहिते, कारण आमच्या घरात ते मोठ्याने म्हटलं जात नाही. माझ्या सासूबाई पुण्याच्या. लग्नात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की मुलीच्या वडिलांचा कोल्हापूरला लेदर एक्स्पोर्टचा बिझनेस आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात एक्स्पोर्ट केलेली एकमेव वस्तू म्हणजे मी. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाई माझ्याकडे नीट निरखून म्हणाल्या होत्या, "नाही हो, वाटत नाही अजिबात." हे कौतुक होतं. नवऱ्याला आजही ते कौतुकच वाटतं.

तर त्या चर्चमध्ये, उजवीकडच्या दुसऱ्या बाकाच्या टोकाला, लाकडात कोरलेला एक बूट होता. शेकडो वर्षं हात लागून गुळगुळीत झालेला. इतका वेळ मी मनातल्या मनात सगळ्यांची टर उडवत होते, पण त्या बुटापाशी मी थांबले आणि त्याच्यावरून हात फिरवला. आबा, म्हणजे माझे वडील, घरी चपला शिवायचे आणि सायकलला अडकवून देवळाजवळच्या दुकानात पोचवायचे. दुकान दुसऱ्याचं. देवळात जायला त्यांना कुणी अडवलं नसतं, कायदा होता. पण आबा रस्त्यावरूनच कळसाला हात जोडायचे आणि सायकल वळवायचे. मी लहानपणी एकदा आत चला म्हणून हट्ट केला, तर म्हणाले, "हितनं दिसतंय की."

मी तिथल्या तिथे ठरवलं. माझी नऊ वर्षांची मुलगी चांभारांच्या संघातून चालणार. बूट रंगवलेलं निशाण घेऊन ती मोठ्या दारातून आत जाणार, वेदीपाशी उभी राहणार, आणि मी ते आबांना फोनवर दाखवणार. मिरवणूक आहे एवढंच त्यांना सांगायचं, बुटाचं आधी काही नाही. त्या तागाच्या सोंगांबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. मला फक्त आबांचा चेहरा बघायचा होता.

मुलगी खूश होती. झाडूच्या दांड्याला टॉवेल बांधून ती घरभर चालायची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी तिला आबांच्या कामाबद्दल सांगितलं, चामडं कापायची रापी कशी धरतात ते दाखवलं. तिने "कूऽल" म्हटलं. मला तेवढं पुरे होतं.

मग सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. चर्च बघून हरखून गेल्या. "अगं, हे तर आपले बारा बलुतेदारच! किती छान व्यवस्था होती बघ, प्रत्येकाला आपापलं काम, कुणाची कटकट नाही." कटकट कुणाला नव्हती, हे मी विचारलं नाही. त्या माझ्या घरी पाहुण्या होत्या आणि पिठलं उत्तम करत होत्या.

फेराइनने प्रत्येक निशाणाची झालर शिवायचं काम पालकांना दिलं होतं. एका संध्याकाळी मी सोफ्यावर ते कापड पसरून बसले होते. सासूबाईंनी चष्मा लावला.

"काय गं हे? पायताण?"

"अहो आई, चांभारांचं निशाण आहे. ही धरणार आहे ना मिरवणुकीत."

"पायताण देवळात नेतात?"

"देऊळ नाही, चर्च आहे."

"आत कुठला तरी देव आहे ना?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "अगं, फोटो पुण्याला जाणार सगळीकडे. दुसरं काही नाही का त्यांच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं आणि झालर टाचत राहिले.

त्या गप्प बसल्या. एवढ्यावर गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत, हे मला कळायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चकल्या तळायला घेतल्या आणि मी ऑफिसला निघून गेले.

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी बेकरीत लॅटिनच्या बाई भेटल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आल्झो, काय गोड आजी आहेत तुमच्याकडे! आणि ते तिखट गोल बिस्किट!" सासूबाई चकल्यांचा डबा आणि नातीला घेऊन त्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. मुलीला चांभारांतून काढून सोनारांत घालायला सांगून आल्या होत्या. बाईंनी ते लगेच केलं होतं. "सोनं तर तुमच्या लोकांना शोभूनच दिसतं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना जर्मनचा एक शब्द येत नाही. बाईंना मराठीचा येत नाही. मी विचारलं, बोललं कोण?

"तुमची मुलगी! इतकं सुंदर समजावलं तिने. म्हणाली, आमच्याकडे चांभार घाणेरडे असतात, म्हणून आजीला ते चालत नाही." बाईंनी माझा हात थोपटला. "काळजी करू नका. आम्ही तुमच्या संस्कृतीचा पूर्ण आदर करतो."

मला त्या बाईच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. हे मी शब्दशः लिहिते आहे. चष्म्याच्या काडीवरून पोरांना रांगेबाहेर काढणारी ही बाई, पण दुसऱ्याच्या घरातली घाण समोर आली की हिचा आदर उफाळून येतो. तिने ते वाक्य ऐकलं, मान डोलावली आणि वर चकली खाल्ली.

पण बाई राहू दे. "आमच्याकडे." माझी मुलगी भारताला कधी आमच्याकडे म्हणत नाही. सुट्टीत जाऊन आली की शाळेत सांगते, मम्माच्या देशात गेले होते. आमच्याकडे हा शब्द तिला पहिल्यांदा सुचला तो या वाक्यासाठी. आजीने मराठीत सांगितलं असणार, तिने ते जर्मनमध्ये केलं असणार, आणि मध्ये कुठेतरी ते तिचं स्वतःचं झालं.

घरी आल्यावर मी भांडले. सासूबाई शांतपणे मटार सोलत म्हणाल्या, "मी पोरीच्या भल्याचंच पाहिलं." नवरा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "अगं, एका दिवसाचा तर खेळ आहे. आई ऑगस्टमध्ये जाणारच आहे." माझा नवरा मोठमोठ्या यंत्रांतले बारीक दोष शोधून काढायचा पगार घेतो. घरात आईने नुसतं खाकरलं तरी त्याला मीटिंग आठवते.

मी मुलीच्या खोलीत गेले. तिच्यासमोर बसून विचारलं, "तुला काय व्हायचंय? तू म्हणशील ते. मी आत्ता जाऊन बदलून आणते."

तिने खरोखर विचार केला. मग जर्मनमध्ये म्हणाली, "गोल्डश्मीड. त्यांच्या निशाणाला चमकी आहे."

"आणि आबा?"

"आबांना कुठे दिसतंय?"

मी उठून बाहेर आले. चांभारांचं निशाण झालर लावून परत पोचवलं. ते शेवटी दातांच्या डॉक्टरच्या मुलाने धरलं.

मिरवणुकीच्या दिवशी सोनार सगळ्यांत पुढे होते, कारण ते पूर्वीही पुढेच असत. फेराइनचा इतिहास एवढ्या बाबतीत मात्र चोख. माझी मुलगी पिवळ्या सॅटिनमध्ये खरंच गोड दिसत होती, आणि त्याचाही मला राग आला. आत पाद्रीबाबांनी प्रवचन दिलं, की देवापुढे प्रत्येक हाताचं काम सारखं आहे. खाली पोरं श्रीमंतीच्या क्रमाने उभी होती. बुरुजाखालच्या कोपऱ्यात यंदा कुणाला उभं केलं नव्हतं, तिथे स्पीकर ठेवला होता. सासूबाईंनी सत्तर-ऐंशी फोटो काढले असतील. पाद्री बोलत असतानाच त्या ते पुण्याला पाठवत होत्या.

मी मनाशी एकच धरून होते. आबांना खरं सांगायचं. सगळं, कुणी काय केलं आणि काय म्हटलं ते. त्यांना वाईट वाटेल, पण निदान या घराबाहेर एका माणसाला माझ्याइतकंच वाईट वाटेल.

दुपारी घरी येऊन आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सासूबाई नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने सोफ्याच्या टोकाला. आबांशी त्या कधी बोलत नाहीत, फक्त "नमस्कार सांग" म्हणतात.

"काय झालतीस गं बाळा आज?" आबांनी नातीला विचारलं.

"सोनार," ती म्हणाली. मराठीत. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता.

"सोनार!" आबा एवढ्या मोठ्याने हसले, की फोन हलला. "आगं आगं! आन् डोक्याला काय? माळबिळ हुती का न्हाई?" ती उठून पिवळा झगा दाखवायला लागली. आबा टाळ्या वाजवत होते.

मी फोन घेतला आणि गॅलरीत गेले. "आबा, चांभारांचंही निशाण होतं. बूट रंगवलेलं. मोठ्या दारातून आत नेतात, देवापाशी. मी हिला आधी त्यातच घातलं होतं."

आबांचं हसू थांबलं. "आन् मग?"

"मग काढलं."

"बरं केलंस," ते म्हणाले. सुटकेचा श्वास टाकावा तसं. "मी म्हटलं, एवढ्या लांब जाऊन आता तिनं बी पायताणच उचलायचं व्हय? तुला शिकिवली ती कशापायी?"

तिला मी काढलं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता, थकलेला आणि खूश. मी नुसती मान हलवली.

गॅलरीचं दार सरकलं. सासूबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पहिल्यांदाच स्वतः कॅमेऱ्यासमोर आल्या. "नमस्कार! तब्येत कशी आहे? अहो, मी हेच म्हणत होते हिला. फोटो पाठवते हं तुम्हाला, सगळे पाठवते."

"पाठवा की ताई," आबा म्हणाले. "गल्लीत दावतो समद्यांस्नी."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझे वडील आणि माझ्या सासूबाई पहिल्यांदाच एकमेकांशी मनापासून बोलत होते, आणि दोघांचं अगदी पटत होतं.