धुळ्याला मिळालं का?

पुढे जे सांगतो आहे ते अगदी तसंच घडलं का, याची मला खात्री नाही. गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसाने सुरुवात अशी करू नये, पण आता वय झालं आहे. शिवाय हे किस्से मी इतक्यांदा सांगितले आहेत की मूळ प्रसंग कुठे संपतो आणि माझं सांगणं कुठे सुरू होतं, ते माझं मलाच उमगत नाही. किस्से साठत जातात आणि खाली काय दबलं ते दिसेनासं होतं. नोकरीची शेवटची वर्षं मी अशाच एका साठत जाणाऱ्या गोष्टीला घाबरण्यात घालवली, म्हणून कदाचित असं वाटत असेल.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी जळगावच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख झालो. पेशंटच्या नोंदी, तपासण्या, औषधं, रक्तपेढी, सगळं एकाच सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये होतं. हा डेटाबेस कुठलंही काम पक्कं करण्याआधी ते आपल्या रोजनिशीत लिहितो. या रोजनिशीला लॉग म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळी डिस्क ठेवलेली असते. ती डिस्क भरली की डेटाबेस काही विसरत नाही, चुकत नाही. तो थांबतो. जे लिहून ठेवता येणार नाही ते करायचंच नाही, असा त्याचा बाणा. बाणा चांगलाच आहे, पण तो थांबला की रक्तपेढीची खिडकीही थांबते.

रोज सकाळी डोळे उघडले की माझा पहिला विचार तोच असायचा : आज भरली तर?

*

डेटाबेस सांभाळायच्या संध्याताई. चोपड्याच्या, कामात पक्क्या, बोलायला तिखट. रुजू झाल्यावर मी त्यांना विचारलं, ही डिस्क भरायला साधारण किती काळ लागेल? त्या म्हणाल्या, केळीचा घड कधी उतरेल ते मी सांगू शकते, हे नाही.

मला ते पटलं नाही. मी बसून आलेख काढला, सूत्र मांडलं, दोनदा तपासलं. सूत्राप्रमाणे डिस्क वर्षभर भरायची नव्हती. त्याच आठवड्यात कोणीतरी सगळ्या जुन्या पेशंटांचे नंबर एका झटक्यात बदलले, प्रत्येक बदल लॉगमध्ये लिहिला गेला आणि डिस्क दुपारपर्यंत काठोकाठ आली. संध्याताईंनी आधी जागा मोकळी केली, मग टेबलावरचा माझा आलेख नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"सूत्र बरोबर असेल, सर. डिस्कला कळवायचं राहिलं."

*

आमचे व्यवस्थापक आबा. ते आधी जामनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये होते, त्यामुळे रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. एकदा त्यांनी स्क्रीनवर पाहिलं, लॉगची डिस्क अर्ध्याहून जास्त मोकळी. मला म्हणाले, एवढं मोठं गोदाम तुम्ही रिकामं का ठेवलंय? मी समजावलं की ते रिकामं आहे म्हणूनच हॉस्पिटल चालू आहे. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या सोमवारी स्क्रीन लाल! संध्याताईंनी शोधलं, तर लॉगच्या शेजारी संस्थेच्या वर्धापनदिनाचे व्हिडिओ आरामात पहुडलेले. आबांनीच ठेवायला लावले होते. मी जिने चढून धापा टाकत त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढून टाका. माझं भाषण तेवढं राहू द्या, ते छोटंच आहे."

सगळ्यात मोठी फाइल तीच होती.

त्यानंतर आबांनी लॉगच्या डिस्कला हात लावला नाही. पण बाकीच्या सगळ्या डिस्क त्यांनी एक्स-रे आणि स्कॅनच्या चित्रांनी अशा गच्च भरल्या की अडचणीच्या वेळी लॉग दुसरीकडे हलवायलाही कुठे जागा उरली नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

*

मोबाइलवर इशारा यायची सोय मी करून घेतली होती. डिस्क नव्वद टक्के भरली की मेसेज. मग वाटलं, नव्वदला फार उशीर झालेला असेल. ऐंशी केलं. मग सत्तर. शेवटी साठ.

पाचोऱ्याला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगत बसली होती, वरणबट्टी वाढून झाली होती, आणि खिशात फोन थरथरला. मी वाचलं आणि ताटावरून उठलो. माझा चेहरा बघून दोन्ही बाजूंचे हात थांबले. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, हॉस्पिटलातून मेसेज आहे, साठ टक्के झालं.

ते हळहळले. हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. कशानं भाजलं? स्टोव्ह का गॅस?"

परत येताना गाडीत कुसुम, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "त्या डिस्कचं रोज विचारता. माझं बीपी किती असतं, कधी विचारलंत?"

मला खरंच माहीत नव्हतं. विचारायचीही मला भीती वाटत असे.

*

धुळ्याला आमच्याच संस्थेचं छोटं हॉस्पिटल होतं आणि तिथे दुसरा सर्व्हर. जळगावच्या लॉगची प्रत थोड्या थोड्या वेळाने लाइनवरून धुळ्याला जायची. जळगावचं मशीन उद्या जळून गेलं तरी धुळ्यात सगळं शाबूत राहावं, हा हेतू. धुळ्याला प्रत पोहोचली की जळगावचा तेवढा लॉग पुसायचा. म्हणजे जागा मोकळी.

हे पुसणं आपोआपही होऊ शकत होतं. पण आपोआप या शब्दाचा मला भरवसा नाही. इकडे पुसलं, तिकडे पोहोचलंच नव्हतं आणि तेवढ्यात मशीन गेलं तर? कोणत्या पेशंटला कोणतं रक्त चढवलं, ते जगात कुठेच लिहिलेलं उरणार नाही. म्हणून मी नियम केला : धुळ्याच्या माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय जळगावात काही पुसायचं नाही.

तो माणूस म्हणजे नाना. धुळ्याच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, शिकलेसवरलेले, पण माझ्याशी मुद्दाम अहिराणीत बोलायचे. माझा चेहरा कसा होतो ते फोनवरूनही दिसतं म्हणायचे. मी रोज विचारायचो, "नाना, धुळ्याला मिळालं का?" ते आपला स्क्रीन बघून म्हणायचे, "भेटनं, सर." मी विचारायचो, "सगळं?" ते म्हणायचे, "बठ्ठं." मी विचारायचो, "नक्की?" आणि तिथे ते वैतागायचे.

"सर, लगनमा नवरदेवले बी इतलं कोनी इचारत नही!"

एकदा नाना रजेवर होते. त्यांच्या जागेवरच्या बाईंनी नीट बघून सांगितलं की हो, मिळालं. मी संध्याताईंना पुसू दिलं नाही. नाना शेतावर होते, त्यांना तिथे शोधून काढायला लावलं. त्यांनी ऑफिसला फोन करून त्याच बाईंना विचारलं, मग मला फोन करून म्हणाले, "भेटनं." तेव्हा कुठे मी संध्याताईंना पुसू दिलं. यात कोणती गोष्ट सिद्ध झाली, ते गणिताच्या माणसाला विचारू नका.

*

पुण्याहून एक तरुण सल्लागार आला होता. छान शर्ट, छान लॅपटॉप. आमची पद्धत ऐकून त्याला हसू आवरेना. म्हणाला, एवढा त्रास होतो तर धुळ्याला पाठवणंच बंद करा, लॉग फुगणार नाही. मी घाबरून संध्याताईंकडे बघितलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या गाडीचे ब्रेकही तापत असतील. घाटात काढून ठेवता का?"

त्याने चहा अर्धाच घेतला.

*

पण त्याच्या बोलण्यातला त्रास खरा होता. तेव्हा हायवे रुंद होत होता. एरंडोल-पारोळा पट्ट्यात जेसीबी दर थोड्या दिवसांनी आमची केबल तोडायचा. लाइन तुटली की लॉग धुळ्याला जात नाही, जात नाही म्हणून पुसता येत नाही, पुसता येत नाही म्हणून डिस्क फुगते. एकदा नाना स्वतः मोटरसायकलवर तिथे गेले आणि जेसीबीवाल्याशी कडाकडा भांडले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, तुमनी वायर पहिलेच मरेल व्हती. मी फक्त बाहेर काढी."

नाना हे सांगताना फोनवर खो खो हसत होते. मला हसू आलं नाही. अख्खं हॉस्पिटल त्या वायरला लोंबकळत होतं.

त्यानंतर संध्याताईंनी एक युक्ती केली. लॉगच्या डिस्कवर त्यांनी एक भली मोठी फाइल करून ठेवली. आत काहीही नाही. डिस्क भरत आली की ती उडवायची, तेवढीच धावपळीला सवड. नानांनी तिचं बारसं केलं : "ह्या तर पाव्हना शे सर. खात नही, पेत नही, फक्त जागा अडावस." तेव्हापासून त्या फाइलचं नाव पाहुणा पडलं. सकाळी कचेरीत आल्यावर मी आधी पाहुणा जागेवर आहे ना ते बघायचो. मग चपला काढायचो.

*

आता हा शेवटचा.

लग्नसराई होती. सकाळीच नानांचा फोन आला की पारोळ्याच्या अलीकडे खड्डा खणताना केबल पुन्हा तुटली आहे, जोडणारी माणसं एरंडोलकडून निघतील. डिस्क हळूहळू चढायला लागली. तसं नेहमीचंच. पण दुपारी एरंडोलजवळ वऱ्हाडाचा टेम्पो उलटला आणि जखमी आमच्याकडे यायला लागले. खाटा संपल्या, मग स्ट्रेचर संपले. प्रत्येक माणसाची नोंद, प्रत्येकाच्या तपासण्या, प्रत्येक रक्ताच्या पिशवीचा हिशेब, सगळं लॉगमध्ये लिहिलं जात होतं.

डिस्क नव्वदच्या पुढे गेली. आम्ही पाहुणा उडवला. थोडी सवड मिळाली आणि बघता बघता तीही संपली; लॉग दुसरीकडे हलवावा, तर बाकीच्या डिस्क आबांच्या चित्रांनी गच्च.

मी रक्तपेढीत धावलो. तिथल्या मॅडमना म्हणालो, मशीन थांबलं तर कागदावर काम होईल का? त्या म्हणाल्या, एरवी होईल, आज एवढ्या गर्दीत नाही. एक गट चुकला तर माणूस आपल्या हातून जाईल. खिडकीशी एक म्हातारी आक्का उभी होती, पदराला माती लागलेली, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, म्हणून असेल, तिने माझी बाही धरली.

"भाऊ, मना पोऱ्या आत शे. रगत कव्हय भेटी?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि बाही सोडवून वर आलो. संध्याताई कीबोर्डवर हात ठेवून बसल्या होत्या. अठ्ठ्याण्णव टक्के. त्यांनी विचारलं, पुसू का? स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं की सकाळपासूनचं काहीही धुळ्याला पोहोचलेलं नाही. पुसलं आणि मशीनला काही झालं, तर आजच्या दिवसाचा मागमूस राहणार नाही. नाही पुसलं तर खिडकी बंद. माझ्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना.

मी नानांना फोन लावला. मिळालं का? नाही, लाइन बंदच आहे. त्यांनी विचारलं, किती टक्के? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, खाली कोण आहे? मी आक्काबद्दल सांगितलं. नाना म्हणाले, ठेवा, मी बघून फोन करतो.

थोड्याच वेळात फोन वाजला.

"सर, लाइन उनी व्हती. पाचच मिनिट. परत गयी. पन भेटनं."

"सगळं?"

"बठ्ठं."

"नक्की?"

यावर ते नेहमीसारखे वैतागले नाहीत. साध्या मराठीत म्हणाले, "नक्की, सर. पुसा."

संध्याताई म्हणाल्या, आपला स्क्रीन तर अजून नाही म्हणतोय. मी म्हणालो, आपला स्क्रीन मागे असेल, नाना म्हणाले म्हणजे मिळालं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुसलं. डिस्क मोकळी झाली. खिडकी एकदाही थांबली नाही. आक्काचा पोरगा जगला.

दुसऱ्या दिवशी लाइन सुरू झाली, तेव्हा नानांनी स्वतःहून सांगितलं की अख्ख्या डेटाबेसची नवी प्रत धुळ्याला पाठवा, जुन्या प्रतीवर आपला भरवसा नाही. मला नवल वाटलं. संध्याताई म्हणाल्या, नाना तुमच्यासारखे बोलायला लागले.

पुढे नाना निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. तो दिवस आमच्या बोलण्यात पुन्हा कधी आला नाही.

बऱ्याच वर्षांनी पारोळ्याला एका लग्नात माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. बोलता बोलता कळलं की हायवेचं काम चालू असताना तो केबल जोडणाऱ्या टोळीत होता. टेम्पोचा दिवस त्याला चांगला आठवत होता. पोलिसांनी रस्ता बंद केला म्हणून ते सगळे एरंडोलच्या बाहेर एका लिंबाखाली अडकून पडले होते. मी त्याला दोनदा विचारलं. नक्की, असंही विचारलं. दिवस मावळेपर्यंत त्या खड्ड्यापाशी कोणी पोहोचलंच नव्हतं. केबलची दोन्ही टोकं दिवसभर वेगवेगळी पडून होती.