आपले सगळे बाहेर आले

मंडळी, माझा प्रोग्राम एकाच वेळी अनेक थ्रेडमधून, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांतून, छोटे प्रोग्राम चालवतो. आज ते काम उरकून बंद होत होते, तरी मुख्य प्रोग्राम त्यांच्या पाइपला, म्हणजे त्यांचे निरोप येण्याच्या नळीला, कान लावून बसून राहायचा. असा प्रत्येक पाइप उघडी फाइल म्हणून मोजला जातो; उघड्या फाइलींची मर्यादा संपली की सगळं ठप्प. दहादा रीस्टार्ट केलं, पुन्हा तेच. वर साहेबांचा फोन, "अब तक हुआ क्यों नहीं?"

संध्याकाळी गोरखी मोहल्ल्यात आत्याकडे साखरपुडा. वैतागून मीही बाहेर आलो. बाबा कुलूप घेऊन दारात उभे. "आपले सगळे बाहेर आले, मग अडलंय कुठे?"

आई म्हणाली, "सूनबाईची मैत्रीण अंदरच आहे ना! ती निघेल तेव्हा ताला लागेल."

मी तसाच परत आत लॅपटॉपकडे पळालो. तेच निघालं! एका थ्रेडने उघडलेल्या पाइपची प्रत, त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे जात होती. तिचा त्याला उपयोग शून्य, पण तो संपेपर्यंत पाइप बंद होत नव्हता.

दुरुस्त करून डोकं वर काढलं, तर घर चिडीचूप. मैत्रीण गेली, घरचे दोन रिक्षांतून गेले, प्रत्येक रिक्षाला वाटलं मी दुसरीत आहे. दाराला बाहेरून कुलूप.

बँडच्या आवाजात कुणी फोन उचलत नाहीये. गोरखीत कुणी आहे का? बाबांना एवढंच सांगा, आपला एक आत राहिलाय.