ताईंना येऊ द्या

हिरामावशी गेल्याचं मला सातव्या दिवशी कळलं. तिच्या अर्नाळ्याहून माझं चंदनसार असं किती लांब? पण दोन वर्षं मीच तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, तर कोण कशाला सांगेल...

मावशी सुकी मासळी विकायची. आजूबाजूच्या वीसेक बायकांचा गट काढावा, हे तिचंच डोकं. मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून कागदपत्रं बघायला तिने मला ओढलं. गटाने पुढे काय करायचं, हे ती बोंबील वाळत घालता घालता एकेकीला विचारत बसायची. कुणाला पत्र्याची शेड हवी होती, कुणाला नुसती बसायला सावली. मला वाटायचं, अशाने जन्म जाईल. मग मीच घरी बसून झकास ध्येय लिहिलं: नाव छापलेली पाकिटं, मॉलमध्ये विक्री. फ्लेक्सही करून आणला, आणि मंजुरीसाठी रविवारी अकराला बैठक ठेवली.

रविवार कोणाच्या सोयीचा? माझ्या. त्या दिवशी उधाण होतं. उधाणाला पाण्याला ओढ असते, जाळी भरून येतात, बायका बंदरावरून हलत नाहीत. बैठका, लग्नाची बोलणी, सगळं भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी मंदावते तेव्हा. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मी कॅलेंडरात फक्त सुट्टी बघितली. पाच जणी आल्या.

"बाकीच्या बंदरावर हायत, ताई. भांगाला बसू ना," मावशी म्हणाली.

"पाच सह्या पुरतात, मावशी," मी म्हटलं. तिने गुमान सही केली.

बाकीच्यांना ठराव थेट फ्लेक्सवरच वाचायला मिळाला. ताईंचा गट, ताईच चालवतील, असं म्हणत त्या एकेक करून गळाल्या. मला राग आला. एवढं राबले नि किंमत नाही, म्हणत मीही घरी बसले. चूक कळायला फार दिवस लागले नाहीत. कबूल करायची लाज मात्र सुटेना. मावशीचे दोन फोन आले, तेही मी उचलले नाहीत... आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. ओटीच्या कोपऱ्यात एक मोठी चटई गुंडाळून उभी होती. मी बघतेय हे पाहून तिची सून जयू म्हणाली, "भांग लागला का आय ती पसरायची. चार-पाच जनी यायच्या. शेडचं बोलनं निघालं का आय म्हनायची, ताईंना येऊ द्या, त्यांना सोडून काय ठरवायचं नाय."